चवदार तळ्याचा खटला अभ्यासक्रमात कुठे आहे? विधी अभ्यास मंडळाला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सर्व सन्माननीय सदस्य,
विधी अभ्यास मंडळ

सप्रेम नमस्कार.

तीन वर्षांच्या विधी पदवीच्या नव्या अभ्यासक्रमाचा मसुदा आमच्या महाविद्यालयात आला, तेव्हा मी सगळ्यात आधी दोनच पाने उघडली. विधी इतिहासाचे आणि संविधानाचे. विधी इतिहास हा विषय आता ऐच्छिक झाला आहे. संविधानाच्या पहिल्या पेपरातले ‘ऐतिहासिक पार्श्वभूमी’ हे प्रकरणही काढले आहे आणि कारण दिले आहे ‘पुनरावृत्ती टाळण्यासाठी’. म्हणजे जो विद्यार्थी ऐच्छिक म्हणून दुसरा विषय घेईल (आणि बहुतेक जण घेतील, कारण त्यात गुण सहज मिळतात), तो वकिलीची सनद घेईपर्यंत इतिहासाचे एक पानही न वाचता बाहेर पडेल. या बदलाला माझी हरकत आहे. ती विहित नमुन्यात पाठवलीच आहे, पण त्या नमुन्यात हरकतीसाठी चार ओळींची जागा होती आणि मला जे म्हणायचे आहे ते चार ओळींत मावत नाही.

मी तालुका न्यायालयात वकिली करते आणि सोळा वर्षे सकाळच्या वर्गांना संविधान शिकवते. आमचा वर्ग साडेसातला भरतो. समोर बसलेल्यांपैकी निम्मे नोकरदार असतात. तहसील कार्यालयातला महसूल सहायक, एक हवालदार, न्यायालयातली कनिष्ठ लिपिक, दोन-तीन शिक्षक. साडेनऊनंतर प्रत्येकाची नजर घड्याळाकडे जाते. हातात गाईड असते आणि गाईडात मागच्या पाच वर्षांचे प्रश्न. ‘१७२६ च्या सनदेचे महत्त्व विशद करा.’ ‘कासीजुरा खटल्यावर टीप लिहा.’ ‘कलम १४ व १५ स्पष्ट करा.’ ही मुले आळशी नाहीत. जे विचारले जाणार तेवढेच ती वाचतात, आणि काय विचारायचे हे आपण ठरवतो.

सध्याचा विधी इतिहास आहे तसाच ठेवा, असे मी म्हणत नाही. तो कसा शिकवला जातो हे मला माहीत आहे. सुरतेची वखार, १७२६ ची मेयर कोर्टे, १७७३ चा रेग्युलेटिंग ॲक्ट, १७७४ चे कलकत्त्याचे सुप्रीम कोर्ट, १७७५ मध्ये राजा नंदकुमाराला झालेली फाशी, हेस्टिंग्जच्या अदालती, कॉर्नवॉलिसच्या अदालती, बेंटिंकच्या अदालती. जवळपास सगळे बंगालात घडते आणि सगळे गोरे साहेबच करतात. महाराष्ट्रातल्या मुलाला त्यात आपले गाव कुठेच दिसत नाही. ज्या प्रदेशात गोतसभेत (गावच्या वतनदार-बलुतेदारांच्या सभेत) वतनाचे तंटे निघत, निवाड्याचा महजर म्हणजे लेखी कागद लिहून त्यावर पाटील नांगराची निशाणी करी आणि बलुतेदार आपापल्या अवजाराची, त्या प्रदेशात न्यायाची सुरुवात मेयर कोर्टापासून झाली असे आपण शिकवतो. १८१८ मध्ये पेशवाई गेली. त्यानंतर एल्फिन्स्टनने दख्खनेत पंचायतींमार्फत न्याय चालू ठेवायचा प्रयत्न केला, तो का फसला, आणि १८२७ मध्ये मुंबई इलाख्याची रेग्युलेशने का आली, याला सध्याच्या अभ्यासक्रमात अर्धे वाक्य आहे.

म्हणून विद्यार्थी कंटाळतात ही मंडळाची तक्रार मला पूर्ण मान्य आहे. पण कंटाळवाणा झालेला विषय नीट करायचा असतो. तो काढून टाकला की मागे जे उरते ते संविधान नव्हे, नुसती कलमांची यादी उरते. हे मी एका खटल्यावरून सांगते, कारण तो मी दर वर्षी वर्गात वाचून घेते.

२० मार्च १९२७. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे हजारो लोक प्यायले. हे शाळेच्या पुस्तकात असते आणि मुलांना पाठ असते. त्याआधी १९२३ मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांनी मांडलेला ठराव मंजूर झाला होता की सार्वजनिक निधीतून बांधलेली पाणवठ्याची ठिकाणे अस्पृश्यांना खुली असावीत. महाडच्या नगरपालिकेनेही आपले तळे खुले केल्याचा ठराव केला होता. एवढे बहुतेकांना ठाऊक असते. पुढचे मात्र विधी पदवीधरांनाही ठाऊक नसते. १९२७ च्याच डिसेंबरात महाडच्या काही सवर्ण रहिवाशांनी दिवाणी दावा लावला, तळे आपले आहे आणि अस्पृश्यांनी ते वापरायचे नाही अशी रूढी आहे असे म्हटले, आणि प्रतिवादींविरुद्ध तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. पहिले प्रतिवादी होते स्वतः डॉ. आंबेडकर. २५ डिसेंबरला सत्याग्रह परिषदेसाठी लोक गावोगावहून जमले होते. मनाई हुकूम मोडून तळ्यावर जायचे की नाही, हा प्रश्न मंडपात उभा राहिला. जमलेल्यांपैकी अनेक जण जायला तयार होते. बॅरिस्टर आंबेडकरांनी हुकूम पाळायचा निर्णय घेतला आणि तो लोकांच्या गळी उतरवला. मग न्यायालयात लढले. महाडच्या न्यायालयात १९३१ मध्ये जिंकले, ठाण्याच्या अपिलात १९३३ मध्ये जिंकले आणि मुंबई उच्च न्यायालयात १७ मार्च १९३७ रोजी जिंकले. नरहरी दामोदर वैद्य विरुद्ध भीमराव रामजी आंबेडकर. एका तळ्यासाठी जवळपास दहा वर्षे.

उच्च न्यायालयाचा निकाल न्या. ब्रूमफील्ड आणि न्या. वाडिया यांच्यापुढे झाला. ब्रूमफील्ड म्हणजे तेच, ज्यांनी १८ मार्च १९२२ रोजी अहमदाबादेत गांधीजींना राजद्रोहासाठी सहा वर्षांची शिक्षा दिली होती. निकाल छोटा आहे. एका तासिकेत वाचून होतो. मी त्याच्या झेरॉक्स काढते, एकेक परिच्छेद मोठ्याने वाचायला लावते आणि मराठीत सांगायला लावते. वादी कोण, प्रतिवादी कोण, मुद्दे कोणते काढले, कोणत्या मुद्द्याचा पुरावा कोणी द्यायचा. पहिल्या वर्षाची मुले अडखळतात. तिसऱ्या पानावर येईपर्यंत मान वर करून विचारू लागतात.

निकालाचा गाभा असा, की वादींना ही रूढी स्मरणातीत, म्हणजे कोणाच्याही आठवणीपलीकडची जुनी, असल्याचे सिद्ध करता आले नाही, म्हणून अपील फेटाळले.

दोन वर्षांपूर्वी हे वाचून झाल्यावर मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, “मॅडम, म्हणजे रूढी वाईट आहे असं कोर्ट म्हणालंच नाही. जुनी आहे हे सिद्ध झालं नाही, एवढंच म्हणालं. जुनी निघाली असती तर?”

वर्गात कोणी काही बोलेना. मलाही लगेच बोलता आले नाही. तिने नेमक्या जागी बोट ठेवले होते. रूढी सिद्ध झाली असती, तर ती वाजवी आहे की सार्वजनिक हिताविरुद्ध आहे हा पुढचा प्रश्न आला असता. तो सोडवायची वेळच न्यायालयावर आली नाही. खटला जिंकला, पण माणसाला पाणी पिण्याचा हक्क आहे म्हणून नाही. वादींचा पुरावा तोकडा पडला म्हणून.

मी तिला संविधान उघडायला सांगितले. कलम १३, खंड ३. ‘कायदा’ या शब्दात काय काय येते याची यादी तिथे आहे आणि त्या यादीत रूढी आहे, परिपाठ आहे. मूलभूत हक्कांशी विसंगत असेल ती रूढी, कितीही जुनी असो, शून्य म्हणजे रद्दबातल. मग कलम १५, खंड २. विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते. ‘तलाव’ हा शब्द तिने दोनदा वाचला. मग कलम १७, अस्पृश्यता नष्ट. हे कलम संविधानाच्या मसुद्यात अकरावे होते आणि संविधान सभेने २९ नोव्हेंबर १९४८ रोजी मंजूर केले. मसुदा समितीचा अध्यक्ष हा त्या दाव्यातला पहिला प्रतिवादी होता. रूढी सिद्ध झाली नाही एवढ्या बारीक धाग्यावर आपला हक्क टांगलेला होता, हे त्याने स्वतःच्या खटल्यात पाहिले होते. त्याने तो धागा पुन्हा कोणाच्या वाट्याला येऊ दिला नाही.

त्या दिवशी साडेनऊला कोणी घड्याळाकडे पाहिले नाही.

नव्या मसुद्यात कलम १३, १५ आणि १७ सगळी आहेत. चवदार तळ्याचा खटला कुठेच नाही. तो संविधानापूर्वीचा म्हणून संविधानाच्या पेपरात बसत नाही आणि विधी इतिहास ऐच्छिक. अशा फटीत किती तरी गोष्टी पडल्या आहेत. पुढचाच धागा घ्या. १९५१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे नरसू अप्पा माळी हा खटला आला. मुंबई इलाख्याने १९४६ मध्ये हिंदूंच्या द्विभार्या विवाहांना बंदी करणारा कायदा केला होता, त्यावरचा. न्या. छागला आणि न्या. गजेंद्रगडकर म्हणाले, व्यक्तिगत कायदा (लग्न, वारसा अशा बाबतींत ज्याच्या त्याच्या धर्माप्रमाणे लागणारा) कलम १३ मध्ये येत नाही. छागलांनी दिलेल्या कारणांपैकी एक असे की, व्यक्तिगत कायदा कलम १३ नेच रद्द होत असता तर कलम १७ वेगळे लिहायची गरज काय होती? हा युक्तिवाद पटो वा न पटो (मला पटत नाही), त्यावर मत बनवायला कलम १७ कुठून आले ते माहीत असावे लागते. ज्याने महाडचा निकाल वाचला आहे तो छागलांशी वाद घालू शकतो. ज्याने वाचलेला नाही तो ‘प्रमुख न्यायनिर्णय’ या यादीत नरसू अप्पा माळी हे नाव पाठ करतो आणि सनद मिळाल्यावर विसरतो.

राजद्रोहाचेही तेच. केदारनाथ सिंह, १९६२, हा खटला प्रत्येक गाईडात आहे. राजद्रोहाचे, भारतीय दंड संहितेतले कलम १२४अ वैध ठरले, पण हिंसेला किंवा सार्वजनिक अव्यवस्थेला चिथावणी असेल तरच लागू, एवढे मुले लिहितात. सर्वोच्च न्यायालयाला तो अर्थ निवडावा का लागला, हे कोणी लिहित नाही. १८९७ मध्ये मुंबईत टिळकांवरच्या खटल्यात न्या. स्ट्रेची यांनी ज्यूरीला सांगितले होते की ‘अप्रीती’ म्हणजे प्रीतीचा अभाव. १९०८ मध्ये न्या. दावर यांनी सहा वर्षांची शिक्षा दिली. १९१६ मध्ये त्याच उच्च न्यायालयात जिनांनी टिळकांची बाजू मांडली आणि टिळक सुटले. पुढे १९४२ मध्ये फेडरल कोर्टाने कलमाचा अर्थ आकुंचित केला. १९४७ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या शेवटच्या अपील न्यायालयाने, सदाशिव नारायण भालेराव खटल्यात तो पुन्हा टिळक खटल्याच्या वळणावर नेला. केदारनाथ निकालात न्यायालयासमोर हे दोन रस्ते होते. त्याने फेडरल कोर्टाचा घेतला. रस्ते दोन होते हेच ज्याला माहीत नाही, त्याला निवड कशी कळणार? ११ मे २०२२ रोजी हे कलम स्थगित झाले आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम १५२ आले. उद्या आमच्या एखाद्या विद्यार्थ्याला तालुक्याच्या न्यायालयात कलम १५२ खालच्या आरोपीसाठी जामीन मागायचा आहे. त्याने काय म्हणावे? केदारनाथ जुन्या कलमावरचा आहे, तो नव्याला लागतो का, लागतो तर कुठवर? याचे उत्तर त्या जुन्या वाटेवरूनच शोधावे लागते.

मंडळातल्या एका सन्माननीय सदस्यांनी मला फोनवर सांगितले, “मॅडम, तालुक्यात रिट कोण दाखल करतो? मुलांना दरखास्त कशी लिहायची ते शिकवा.” (रिट म्हणजे मूलभूत हक्कांसाठी उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयात करायचा अर्ज; दरखास्त म्हणजे दिवाणी हुकुमाची अंमलबजावणी मागणारा.) त्यांचा हेतू चांगला आहे हे मी जाणते. दरखास्त लिहायला मी शिकवतेच. पण तालुक्यातच इतिहास रोज समोर येतो. आमच्या वर्गातला महसूल सहायक तहसील कार्यालयात रस्त्याच्या दाव्यांचे काम पाहतो. बांधावरची वाट अडवली, ओढ्याचे पाणी अडवले, असे अर्ज मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली येतात. दर आठवड्याला येतात. तो चार वर्षे हे काम करतो आहे आणि मामलेदाराला, म्हणजे तहसीलदाराला, न्यायालय का म्हणतात हे त्याला कोणी सांगितले नव्हते. महसूल गोळा करणाऱ्या अधिकाऱ्याला निवाडा करण्याचा अधिकार कसा मिळाला, कोणी दिला, किती दिला आणि आता संविधानाने कार्यपालिका व न्यायपालिका वेगळ्या ठेवायला सांगितले आहे (कलम ५० वाचा) तेव्हा त्या अधिकाराकडे कसे पाहायचे, हे त्याने मला विचारले. त्याच्या टेबलावर जो कागद येतो त्यात विधी इतिहासही आहे आणि संविधानही. वाटणीच्या दाव्यांत आजही मोडी कागद दाखल होतात. विहिरीच्या पाण्याची पाळी, वहिवाट, रूढी यांवर आमच्या न्यायालयात साक्षी होतात. रूढी कशी सिद्ध करायची हे शिकायला महाडच्या निकालापेक्षा चांगला पाठ मला तरी माहीत नाही. तो दिवाणी कामाचाही पाठ आहे.

मंडळाकडे मागणे काय ते आता स्पष्ट लिहिते. विधी इतिहास सक्तीचा ठेवा, पण त्याचा आराखडा बदला. बंगालच्या अदालतींना एक प्रकरण पुरे. उरलेल्या जागेत मराठी राज्यातले न्यायदान येऊ द्या. मुंबईचे रेकॉर्डर कोर्ट, सुप्रीम कोर्ट आणि १८६२ चे उच्च न्यायालय येऊ द्या. टिळकांचे तीन खटले येऊ द्या. रखमाबाईंचा खटला येऊ द्या. लहानपणी लावलेल्या लग्नातल्या नवऱ्याकडे जायला १८८४ नंतर ती बाई मुंबईच्या न्यायालयात ‘नाही’ म्हणाली. १८८५ मध्ये न्या. पिन्हे यांनी तिच्या बाजूने निकाल दिला. अपिलात तो फिरला आणि १८८७ मध्ये नवऱ्याकडे जा नाही तर सहा महिने तुरुंगात जा असा हुकूम झाला, तेव्हा ती तुरुंगात जायला तयार झाली. कलम २१ मधल्या ‘व्यक्तिगत स्वातंत्र्य’ या शब्दांवर मी दोन तासिका बोलले तरी जे पोचत नाही ते या एका बाईच्या नकारातून पोचते. पुढे ती डॉक्टर झाली, हेही मुलांना सांगावे.

संविधानाच्या पेपरात प्रत्येक विद्यार्थ्याने किमान तीन निकाल पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलेच पाहिजेत, अशी अट घाला. केशवानंद भारती अख्खा वाचा असे मी म्हणत नाही. तेरा न्यायाधीशांचा तो निकाल अख्खा वाचायला सत्र पुरणार नाही. छोटे निवडा. आणि संविधान सभेतली किमान दोन भाषणे. डिसेंबर १९४६ मध्ये उद्दिष्टांच्या ठरावावर बॅ. जयकरांनी सुचवले की मुस्लिम लीग आणि संस्थाने येईपर्यंत थांबावे. सभेला ते रुचले नाही आणि त्यांना खूप ऐकून घ्यावे लागले. त्यांच्या बाजूने बोलायला उभे राहिले ते डॉ. आंबेडकर. पुढे जयकरांनी जागा सोडली आणि मुंबई प्रांतातल्या त्याच जागेवर आंबेडकर १९४७ मध्ये निवडून आले. ती वादावादी वाचल्यावर मुलांना कळते की हे पुस्तक आभाळातून पडलेले नाही. माणसांनी एकमेकांशी वाद घालत, कधी हरत, ते लिहिले. दुसरे भाषण २५ नोव्हेंबर १९४९ चे. त्यात बाबासाहेब म्हणतात की सनदशीर मार्ग खुले असताना सत्याग्रहासारखे मार्ग सोडून द्यावेत. १९२७ च्या डिसेंबरात मनाई हुकूम हातात आल्यावर ज्याने मंडपातल्या लोकांना थांबवले, तोच माणूस हे बोलतो आहे. हे माहीत असले की ते भाषण वेगळेच ऐकू येते.

परीक्षेतल्या ‘टिपा लिहा’ कमी करा. न वाचलेल्या निकालातला एक उतारा द्या आणि त्यावर प्रश्न विचारा. मुद्दा काय, कारण काय, तुम्हाला पटते का. गाईडातून याचे उत्तर येत नाही. आणि हे मराठीतही द्या. आमच्या न्यायालयात कामकाज मराठीत चालते, मुले उत्तरपत्रिका मराठीत लिहितात आणि वाचायला त्यांच्या हाती भाषांतराचे भाषांतर पडते. सर्वोच्च न्यायालय आता आपल्या निकालांचे मराठी अनुवाद विनाशुल्क उपलब्ध करून देते. महाडच्या निकालाचा विद्यापीठाने प्रमाणित केलेला मराठी अनुवाद करून घेणे एका उन्हाळ्याच्या सुटीचे काम आहे. मी त्यात विनामोबदला काम करायला तयार आहे, आणि माझ्यासारखे आणखी चार जण मी मिळवून देऊ शकते.

विधी शिक्षकाने खुले पत्र लिहावे का, असे आमच्याच एका सहकाऱ्याने विचारले. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार आणि वसुधा धागमवार या चार विधी शिक्षकांनी भारताच्या सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले होते. आपल्याच राज्यातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना निर्दोष सोडले होते, त्याबद्दल. चार वर्षांनी, १९८३ मध्ये, कायदा बदलला आणि कोठडीतल्या बलात्काराच्या खटल्यात संमती नव्हती असे गृहीत धरण्याची तरतूद आली. माझे मागणे त्यापुढे फार लहान आहे. पण निकाल शेवटपर्यंत वाचून त्याला उत्तर देण्याचे धाडस त्या चौघांनी दाखवले. माझ्या विद्यार्थ्यांना तेवढे जमावे, यासाठी त्यांना निकाल वाचायला मिळावेत.

हरकतींवर विचार करण्यासाठी मंडळाची बैठक पुढच्या महिन्यात आहे असे कळते. या पत्रासोबत १९३७ च्या निकालाची प्रत आणि पहिल्या चार परिच्छेदांचा मी केलेला कच्चा मराठी अनुवाद जोडला आहे. बैठकीपूर्वी प्रत्येक सदस्याने तो वाचावा आणि शेवटच्या पानावर आलात की माझ्या विद्यार्थिनीचा प्रश्न स्वतःला विचारून पाहावा, ही विनंती.

आपली नम्र,
सकाळच्या वर्गाला संविधान शिकवणारी एक शिक्षिका